सुभेदारांचा हिरवा पत्रा

"ही रोपं अशी माना टाकून का उभी हायती?"

सुभेदार आकाराम मोहिते यांनी हा प्रश्न इतक्या जोरात विचारला, की बांधावर बसलेल्या बगळ्यानं जागा बदलली. रोपांनी मात्र माना वर केल्या नाहीत. काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमधल्या खळग्यांत मिरचीची बारा हजार रोपं ओळीनं उभी होती आणि एकूण एक रोप फिकट, दोऱ्यासारखं बारीक आणि नको तेवढं उंच झालं होतं. सव्वीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला ओळीत उभं राहून मान टाकणं हा गुन्हाच वाटत होता.

"तुमी वरडल्यावर त्यानला बळ येनार हाय व्हय?" विजयमाला झारी खाली ठेवत म्हणाली.

रोपवाटिका तिची होती. नवरा निवृत्त होऊन बोरजाईवाडीला परत आला, त्याच्या आधीपासून ती वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं करून आसपासच्या गावांत देत होती. यंदा कवठे महांकाळच्या एका महिला गटानं बारा हजार रोपं मागितली होती. एवढी मोठी मागणी तिला पहिल्यांदाच आली होती. त्या बायकांच्या रानाला पाणी ठरलेल्या तारखेला सुटणार होतं, त्याच्या आधी रोपं पोचायला हवी होती. विजयमालानं फोनवर शब्द दिला होता. त्यानंतर तिनं नवऱ्याला एकच काम सांगितलं, "रोपांवरची जुनी जाळी फाटलीया. नवी जाळी घिऊन या."

सुभेदार इस्लामपूरला गेले आणि टेम्पो भरून हिरवे फायबरचे पत्रे घेऊन आले.

"आवं, जाळी सांगितली हुती मी."

"जाळी म्हंजे काय? वारं आलं की वाळत घातलेल्या चड्डीगत फडफडती. ह्यो पत्रा हाय. धा वर्सं हलनार न्हाई."

"आन हिरवा का?"

"झाड हिरवं, पान हिरवं, मंग पत्राबी हिरवा. त्यानला घरातल्यावानी वाटंल!"

विजयमाला काही तरी बोलणार होती. पण सुभेदारांनी तेवढ्यात नटबोल्टची पिशवी उघडली होती आणि हुकूम सुटायला सुरुवात झाली होती. त्यांनी वर पत्रा घातला, चारी बाजूंना पत्रा घातला, हवेला तेवढ्या वरच्या अंगाला फटी ठेवल्या. शेड तयार झालं तेव्हा ते मागं सरून बराच वेळ बघत राहिले. त्यांची स्कूटर हिरवी होती, फाटक हिरवं होतं, आता शेडही हिरवं झालं. आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं.

आणि तीन आठवड्यांत रोपांनी माना टाकल्या.

"बी बोगस हाय," सुभेदारांनी निकाल दिला. चप्पल घातली आणि स्कूटरला लाथ मारली.

"आवं, तानाजीभावजींशी जरा नीट—" विजयमालाचं पुढचं बोलणं स्कूटरच्या धुरात गेलं.

तानाजीचं कडेगावच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान होतं. तानाजी आणि आकाराम पहिलीपासून एका बाकावर बसलेले. सुभेदार रजेवर आले की पहिला चहा घरी आणि दुसरा तानाजीच्या दुकानात, हे कधी चुकलं नव्हतं. तानाजी स्वभावानं गरीब. त्याला कुणी काहीही बोललं तरी तो हसायचा. फक्त त्याच्या बियाण्याला नाव ठेवलेलं त्याला चालत नसे.

"तान्या, तू मला बोगस बी दिलंस!" सुभेदार दुकानाच्या पायरीवरूनच गरजले.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एकानं हातातलं पाकीट हळूच परत खोक्यात ठेवलं.

"हळू बोल, आक्या. गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाइकालाच ऐकवतोय! बारा हजार रोपं माना टाकून पडलीत. हे बी हाय का भुस्सा?"

तानाजीचे कान लाल झाले. त्यानं फळीवरून एक पाकीट काढलं आणि गल्ल्यावर आपटलं. "ह्ये घे. त्याच लॉटचं हाय. परत लाव. न्हाई उगवलं तर दुकानाला कुलूप घालतो."

"न्हाई उगवलं असं कोन म्हनतंय? उगवलंय! पर शिस्त न्हाई त्याला!"

"शिस्त?" तानाजी दोन्ही हात गल्ल्यावर टेकून पुढं वाकला. "आरं, मी बी इकतो, रंगरूट न्हाई इकत!"

दोन गिऱ्हाइकं हसली. सुभेदारांना ते हसणं लागलं. त्यांनी पाकीट उचललं आणि पायरी उतरताना मागं वळून म्हणाले, "ह्या दुकानाची पायरी परत चढलो तर नाव बदलीन."

"नाव बदल, गाव बदल, पर बियाला नाव ठिवू नकोस!" तानाजीनंही भर बाजारात उत्तर दिलं.

दुसरं पाकीट त्याच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली पेरलं गेलं. दोन आठवड्यांनी तीच गत. आता तारीख डोक्यावर आली होती. विजयमाला रोज सकाळी शेडमध्ये जायची, एखादं रोप बोटांनी सरळ करायची आणि बोट काढलं की ते परत आडवं व्हायचं. सुभेदार मात्र हरलेले नव्हते. त्यांना दुसरा गुन्हेगार सापडला होता.

शेजारच्या रानात धुळा ऊस करायचा. धुळा म्हणजे सहा फूट उंच, सावकाश चालणारा, त्याहून सावकाश बोलणारा माणूस. सुभेदारांनी त्याला बांधावर गाठलं.

"धुळा, उसात तननाशक मारलंस ना? वाऱ्यानं माज्या शेडात आलं."

धुळानं खुरपं खाली ठेवलं. थोडा विचार केला. मग म्हणाला, "न्हाई मारलं."

"खोटं बोलू नगंस."

"फवाऱ्याचा पंप... म्हैनाभर झाला... बिघडलाय."

"मंग हातानं शिंपडलं असशील!"

धुळा सावकाश रागवायचा. पण एकदा रागवला की तो रागही तसाच सावकाश, बराच दिवस चालायचा. तो उठला. अंगावरची माती झटकली. "सुभेदार," तो म्हणाला, "तुमच्या रोपांच्या पान्याचा पाइप... माज्या रानातनं जातो. मी वीस वर्सं कदी बोललो न्हाई. आता बोलतो. त्यो काढून घ्या." आणि त्यानं जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

त्या दिवसापासून विजयमाला विहिरीवरून घागरीनं पाणी आणू लागली. सुभेदार मदतीला आले तेव्हा तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. घागर कमरेवर घेऊन ती निघून गेली. ते मागं चालत म्हणाले, "अगं, मी तुज्यासाठीच भांडतोय न्हवं?" ती पाण्याच्या तीन खेपा करेपर्यंत ते बोलत राहिले आणि चौथ्या खेपेला त्यांना स्वतःलाच कंटाळा आला.

मग त्यांनी कागद काढला.

तक्रार तीन पानी झाली. प्रत्येक परिच्छेदाला आकडा, प्रत्येक आकड्याखाली अ, ब, क. कृषी कार्यालयाला एक प्रत आणि वर आणखी पाच ठिकाणी माहितीस्तव. शेवटी ठळक अक्षरांत, "दोषी व्यक्तीची गय केली जाऊ नये." लिहून झाल्यावर सुभेदारांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ती तक्रार मोठ्यानं वाचूनही दाखवली नाही, नुसती टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. परत आले तेव्हा विजयमाला तिसरं पान हातात घेऊन उभी होती.

"ह्ये काय हाय?"

"काय?"

"संशयित क्रमांक एक, बियाने इक्रेता. दोन, शेजारचा शेतकरी. तीन, खळग्यात भरायच्या भुशाचा पुरवठादार." तिनं मान वर केली. "संशयित क्रमांक चार, रोपांना पानी घालनारी व्यक्ती. कंसात, पत्नी."

सुभेदारांनी टॉवेल खांद्यावर नीट केला. "तपास म्हंजे तपास असतो. घरचं मानूस म्हनून वगळलं, तर पक्षपात केला म्हनतील."

"पक्षपात."

"व्हय. नियम हाय त्यो."

विजयमालानं पान परत टेबलावर ठेवलं, त्यावर पेपरवेट ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता आणि सुभेदारांना तेच जास्त भीतिदायक वाटलं. "मंग, सुभेदारसाहेब, आजपास्नं संशयिताच्या हातचं जेवू नका. तपासाला बाधा यील."

सुभेदारांनी पुढचे चार दिवस स्वतः केलेली खिचडी खाल्ली. पहिल्या दिवशी ती करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली, तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं आणि चौथ्या दिवशी एकदाही नाही. राग वाढायला तेवढं पुरेसं होतं. तक्रार टपालात टाकून त्यांनी कृषी कार्यालयात रोज फोनही केला. शेवटी तिथल्या लोकांनीच कंटाळून पाचव्या दिवशी पंचनाम्याला माणूस पाठवला.

माणूस म्हणजे कृषी सहायक अपेक्षा, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. गाडी फाटकात लावून ती आत आली आणि हेल्मेट काढायच्या आधीच तिला तीन संशयित आणि फिर्यादी दिसले. विजयमाला ओट्यावर बसली होती. तानाजी दुकान बंद करून आला होता, हातात रोपांचा एक ट्रे घेऊन. धुळा बांधावर उभा होता. तो आत यायला तयार नव्हता, कारण ज्या माणसानं खोटं म्हटलं त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. भुसा पुरवणारा पुरवठादार तेवढा आला नव्हता. त्यानं फोनवर रडका आवाज काढून, नुसत्या नारळाच्या भुशावर कुणी फिर्याद करतं का, असं विचारलं होतं.

"बघा म्हाडम!" तानाजीनं ट्रे ओट्यावर आपटला. "त्याच लॉटचं बी. माज्या दुकानाच्या गच्चीवर लावलं. हे रोप बघा, आन ह्याच्या शेडातलं बघा!"

ट्रेमधली रोपं बुटकी, जाड बुडख्याची आणि गर्द हिरवी होती. सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हे येगळं बी हाय."

"आक्या!"

"पाकीट कुठाय? पुरावा काय?"

"पुरावा तुज्या—" तानाजीनं मुलीकडं पाहून वाक्य गिळलं.

"म्हाडम, मारला फवारा का न्हाई, वास घिऊन बघा माज्या रानाचा," धुळा बांधावरून म्हणाला. वाक्य पूर्ण होईपर्यंत इतर तिघांची दोन-दोन वाक्यं झाली होती.

"आधी शेड बघू या का?" अपेक्षानं विचारलं. कुणी ऐकलं नाही. ती एकटीच शेडकडं गेली, तेव्हा सुभेदार आणि तानाजी भांडतभांडत तिच्या मागून आत शिरले. पंचनामा आपल्यामागं होईल या भीतीनं धुळाही बांध उतरून आत आला.

आतमध्ये हिरवा अंधार होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत सगळ्यांचे चेहरे शेवाळल्यासारखे दिसत होते. त्या उजेडात तानाजी आणि सुभेदार एकमेकांच्या नाकाजवळ नाक नेऊन ओरडत होते. सुभेदारांचा चेहरा रागानं लाल झालेला असणार, पण दिसत होता काळवंडलेला.

अपेक्षानं वर पाहिलं. मग बाजूंना पाहिलं. एका रोपाचं पान बोटावर घेतलं. मग ती सुभेदारांना काही न विचारता बाहेर डोकावून म्हणाली, "काकू, जरा आत येता का?"

विजयमाला दारात आली, दोन पावलं आत येऊन उभी राहिली.

"सगळ्यांनी एकदा काकूंच्या कपाळाकडं बघा," अपेक्षा म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. धुळाच्या तोंडून पहिल्यांदाच झटकन शब्द निघाले, "वैनींचं कुंकू काळं!"

सुभेदार बायकोकडं बघत राहिले. दीड महिना ती रोज याच शेडात त्यांच्यासमोर वावरत होती आणि त्यांनी पत्र्याचे जोड तेवढे पाहिले होते. विजयमालानं घाबरून कपाळाला बोट लावलं. बोटाला लागलेलं कुंकूही काळंच होतं. ती एक पाऊल मागं, दाराबाहेर उन्हात गेली आणि कुंकू लालभडक झालं. परत आत आली, काळं.

"ह्ये... ह्ये कसं?" सुभेदारांचा आवाज नेहमीपेक्षा निम्मा होता.

"कुंकू लाल दिसायला त्याच्यावर लाल उजेड पडावा लागतो, काका. इथं लाल उजेड जवळजवळ नाहीच. निळाही नाही. तुमच्या पत्र्यानं फक्त हिरवा आत सोडलाय, तोही कमीच."

"मंग? झाडाला हिरवाच लागतो की!"

"उलट आहे. पान हिरवं का दिसतं? कारण उन्हातले बाकीचे रंग ते खातं आणि हिरव्यातला बराचसा परत फेकतं. तो फेकलेला उजेड आपल्या डोळ्यांत येतो. अन्न तयार करायला पान जास्त करून लाल आणि निळा उजेड वापरतं. हिरव्यातलंही थोडं घेतं, अगदीच नाही असं नाही. पण एवढ्यावर त्याचं भागत नाही. त्यात निळा कमी पडला, की रोप उजेड शोधत नुसतं उंच होत जातं. म्हणून ही अशी."

धुळानं सावकाश मान हलवली. "म्हंजे पंगतीला बसवायचं... आन जे खात न्हाई तेवढंच वाढायचं."

"दीड म्हैना," तानाजी म्हणाला.

सुभेदारांनी शेवटचा मोर्चा लढवायचा ठरवला. "थांबा! मंग सगळे नर्सरीवाले हिरवी जाळी लावत्यात ती? ती हिरवी न्हाई व्हय? त्यांची रोपं कशी मरत न्हाईत?"

तानाजीनं आशेनं नाही, पण कुतूहलानं मुलीकडं पाहिलं. प्रश्न बरोबर होता.

"जाळीला भोकं असतात, काका. त्या भोकांतून ऊन जसंच्या तसं येतं, सगळे रंग घेऊन. दोरा फक्त सावली पाडतो. तुमच्या पत्र्याला भोक कुठाय?"

भोक नव्हतं. एकही नव्हतं. सुभेदारांनी स्वतः प्रत्येक बोल्टाखाली रबराचा वॉशर घालून बोल्टाचं भोकही बुजवलं होतं.

"जाळी सांगितली हुती मी," विजयमाला म्हणाली. पहिल्या दिवशी बोलली होती त्याच शब्दांत. पण आता ऐकायला चार माणसं होती.

अपेक्षानं फॉर्म काढला. नुकसानीचं कारण, अशी एक रिकामी जागा होती. तिनं पेन टेकवलं आणि थांबली. ती मुलगी मनानं चांगली होती. "प्रतिकूल वातावरण असं लिहू का, काका?"

"काय म्हनून?" सुभेदार उसळले. राग परत आला होता. फक्त त्याला जायला जागा उरली नव्हती. "वातावरनानं काय केलंय? कागदावर खोटं न्हाई चालनार. लिवा! कारन, हिरवा पत्रा. पत्रा बसवनारा, सुभेदार आकाराम मोहिते. कुनाच्या सांगन्यावरनं, सवताच्या!"

तिनं लिहिलं. त्यांनी सही केली, इतकी दाबून, की खालच्या दोन प्रतींवर कार्बनशिवाय उमटली.

तानाजी आपला ट्रे उचलून गाडीवर बसला. सुभेदार फाटकापर्यंत त्याच्या मागं गेले, पण तोंडातून शब्द निघेना. ओरडायचं असतं तर निघाला असता. तानाजी गेला. धुळा बांधावर चढला आणि जाताजाता व्हॉल्व्ह उघडून गेला. "रोपांशी... माजं भांडन न्हाई," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी विजयमालानं कवठे महांकाळला फोन लावला. सुभेदार दाराआड उभे राहून ऐकत होते. ती काहीतरी आजार, कीड, रोग सांगेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं सरळ सांगितलं, "ताई, आमच्या मालकांनी हिरवा पत्रा घातला, त्यात रोपं गेली. दुसरी करायला पस्तीस-चाळीस दिस लागतील." पलीकडून चिडलेला आवाज. बराच वेळ. विजयमाला ऐकत राहिली. व्हय, चूक हाय, व्हय, म्हणत राहिली. शेवटी पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई वं, शिकल्यालं हायती," विजयमाला म्हणाली. "मिलिटरीत हुते." पलीकडं हसण्याचा मोठा आवाज आला. पाण्याची पुढची पाळी धरायचं ठरलं.

"उद्या सकाळी सातला पत्रं खाली," फोन ठेवून ती दाराकडं न बघता म्हणाली. "मंग धुळाभावजी. मंग कडेगाव. तंवर खिचडी."

सुभेदारांनी सकाळी सातला पत्रे खाली घेतले. पांढऱ्या जाळीचा तागा बायकोनं आधीच मागवून ठेवला होता. तो तिनं सांगितला तसाच बांधला. धुळाची माफी बांधावर मागितली. धुळानं ती स्वीकारायला इतका वेळ घेतला, की सुभेदारांना दोनदा मागावी लागली.

कडेगावची माफी अवघड होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. वाटेत स्कूटरवर त्यांनी सगळं पाठ केलं. तानाजी, माजी चूक झाली. बियाला मी उगाच बोललो. एवढीच दोन वाक्यं. दुकानाच्या पायरीशी आले आणि आतून आवाज आला,

"बी बोगस हाय तुमचं! उगवलंय, पर जीव न्हाई त्यात!"

सुभेदार पायरीवरच थांबले. आत एक उंचापुरा शेतकरी गल्ल्यासमोर उभा होता. सयाजी त्याचं नाव, शेजारच्या गावचा. गल्ल्यावर वांग्याच्या रोपांचा ट्रे होता. फिकट, बारीक, माना टाकलेली रोपं. तानाजी डोक्याला हात लावून बसला होता.

सुभेदार ताडताड आत गेले. "ओ पावनं! बियाला काय बोलताय? वर बघितलं का वर? रोपांवर पत्रा घातलाय का न्हाई, हिरवा?"

सयाजी चकित झाला. "व्हय. तुमाला कसं ठावं?"

"डोसकं हाय का न्हाई? हिरवा पत्रा घालतंय व्हय कुनी? कुंकू नेऊन बघा आत! कुनी सांगितलं हे खूळ?"

"सांगितलं कुनी न्हाई," सयाजी जरा नरमला. "बोरजाईवाडीला एक सुभेदार हाय म्हनं. रस्त्यानं जाताना त्याचं शेड बघितलं. म्हनलं, मिलिटरीतला मानूस करतोय म्हंजे इचार करूनच करत असंल." मग त्याचा आवाज परत चढला. "घावला पायजे मला त्यो एकदा!"

सुभेदार पाठ केलेली दोन्ही वाक्यं विसरले. तानाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग सयाजीच्या हातांकडं पाहिलं. हात चांगले रुंद होते.

"त्यो न्हाई घावनार," तानाजी घाईनं म्हणाला. "त्यो गेला. बदली झाली त्याची. राजस्थानला."

"तान्या!" सुभेदार गरजले. "खोटं का बोलतोस? रिटायर मानसाची बदली कशी हुईल? मीच त्यो!"

"आरं गाढवा, वाचवतोय तुला!"

"कुनी सांगितलं वाचवायला? माफी मागायला आलोय मी! माफी! ऐकू येतंय का न्हाई?"

"मंग वरडतोस कशाला?"

"तू ऐकत न्हाईस म्हनून!"

"ऐकलं! बाजारानं ऐकलं! दिली माफी! आता बस खुर्चीवर न्हाईतर चालता हो!"

"बसतो! च्या सांग!"

"सांगतोय न्हवं! दम धर की!"

सयाजी कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं बघत होता. त्याच्याजवळ पंधरा दिवसांचा राग साठला होता. पण या दोघांच्या मधे तो ठेवायला बोटभरही जागा नव्हती. त्यानं आपला ट्रे उचलून काखेत घेतला. थोडा वेळ वाट पाहिली. मग घसा साफ करून हळूच विचारलं, "पत्रा खोलायला... तेरा नंबरचा पाना मिळंल का हो हितं?"

"हे बियाचं दुकान हाय!" दोघंही त्याच्यावर एकदम ओरडले.